पुण्याला यावं तरी कधी?

पुण्याला कधी यावं, हा प्रश्न पुणेकराला विचारू नये. उत्तर ताबडतोब मिळतं, पण ते नेहमी मागच्या महिन्याचं असतं. एप्रिलमध्ये घामाघूम होऊन आलेल्या पाहुण्याला सांगतात, "अहो, फेब्रुवारीत यायचं. काय हवा होती!" फेब्रुवारीत आलेल्याला कळतं की डिसेंबरातलं सवाई चुकलं. डिसेंबरात येणाऱ्याचे गणपती हुकलेले असतात, गणपतीत येणाऱ्याला "या गर्दीत कशाला आलात, श्रावणात कशी हिरवळ होती" हे ऐकून घ्यावं लागतं, आणि श्रावणात भिजत आलेल्याला माळ्यावरची रिकामी आंब्याची पेटी दाखवली जाते.

आमच्या सोसायटीतले एक काका तर पाहुण्याला महिन्यांत मोजतच नाहीत. त्यांच्या मते पुणं बघायचं ते १९६१ च्या आधी. त्या वर्षी १२ जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांबरोबर पुण्याची हवाही वाहून गेली, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. तोपर्यंत म्हणे कुणाच्या घरी पंखा नव्हता. वीज तरी होती का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी चहा मागवला नाही.

खरी पंचाईत परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांची होते. त्यांना ऋतू निवडायचा नसतोच. तो मुलांच्या शाळेने आधीच निवडून ठेवलेला असतो, आणि अमेरिकेतल्या शाळांचं वेळापत्रक पुण्यावर डूख धरून कुणीतरी आखलं असावं, अशी मला दाट शंका आहे. तिकडे जूनमध्ये शाळा सुटेपर्यंत इकडे मार्केट यार्डातला हापूस संपत आलेला असतो. ऑगस्ट संपताना मखराचा थर्माकोल घ्यावा की कागद, यावर घरात वाद पेटलेला असतो, तेव्हा ही मंडळी विमानतळावर सामानाचं वजन करत असतात. नाताळच्या सुट्टीचंही तेच. सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबराच्या मध्यावर होतो. भारतीय बैठकीचे गालिचे गुंडाळून झाले की आठवडाभराने यांचं विमान उतरतं. १९५३ पासून चालत आलेला महोत्सव न्यू जर्सीच्या शाळांसाठी आठवडाभर पुढे ढकला, असं सांगणार कोण? मग ते बिचारे जानेवारीत, तिळगूळ हातात पडण्याआधीच परत जातात.

डिसेंबरवाल्यांना मात्र एक करमणूक फुकट मिळते, ती म्हणजे आमची थंडी. पारा बाराच्या खाली गेला की पुण्यात कानटोप्या बाहेर येतात आणि प्रत्येक जण हवामानखात्याचा प्रतिनिधी होतो. शहरात तापमान एक नसतं, ही त्यातली खुबी. शिवाजीनगरचं वेगळं, पाषाणचं त्याहून कमी, कोरेगाव पार्क आणि मगरपट्ट्याचं चांगलंच जास्त. थंडीत सगळे पाषाणचा आकडा सांगतात, उन्हाळ्यात कोरेगाव पार्कचा. मिनेसोटाहून आलेला भाचा हाफ पँटवर टेकडीला निघतो आणि मामी त्याच्या मागे स्वेटर घेऊन धावते. "उणे वीसमध्ये राहतो गं मी," तो म्हणतो. त्यावर मामी म्हणते, "ती तिकडची थंडी, कोरडी. इथली बाधते." अगदीच वाद वाढला, तर १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात पारा १.७ अंशांवर आला होता, हे ब्रह्मास्त्र असतंच. मामीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण सांगताना तिच्या अंगावर शहारा येतो.

उन्हाळ्याबद्दल एवढंच सांगतो की लोक ज्या महिन्याला घाबरतात, तो चुकीचा असतो. पुण्यात सगळ्यात जास्त तापतो एप्रिल. मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटतं, ढग गोळा होतात, एखादा वळीव पत्रे वाजवून जातो. आंब्यासाठी यायचंच असेल, तर मेच्या उत्तरार्धात यावं. अक्षय्य तृतीयेला पेटीचा भाव विचारून गप्प बसलेली माणसंही तेव्हा पेटी उचलतात.

आता पावसाळा. पाहुण्याला पुणेकर ज्याच्याविषयी सर्वांत कमी उत्साहाने बोलतो, तो हा ऋतू. कपडे वाळत नाहीत, रस्त्यात खड्डे, खड्ड्यात पाणी. पण इतिहास बघितला, तर ज्यांना निवड करायची मोकळीक होती, त्या सगळ्यांनी पुण्यासाठी पावसाळाच निवडला. पेशवाईत श्रावणातल्या दक्षिणेसाठी लांबलांबचे, अगदी काशीकडचेसुद्धा ब्राह्मण नद्यानाले ओलांडून पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात जमत. त्यांना हवा बघायची नव्हती, हे मान्य. इंग्रज गव्हर्नरला मात्र हवाच बघायची होती. मुंबई इलाख्याचा हा साहेब थंडीत मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला राही. त्यासाठी गणेशखिंडीत १८६४ साली बंगला बांधायला घेतला. १८७१ मध्ये तो पुरा झाला, आणि खर्च इतका झाला की विलायतेच्या पार्लमेंटात बोंब झाली. त्या बंगल्यात १९४९ पासून विद्यापीठ आहे. घोडेही साहेबाचंच ऐकतात. शर्यतींचा मोसम मुंबईत नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्यात जुलै ते ऑक्टोबर. घोड्यांना कळलं, ते आमच्या पाहुण्यांना अजून कळलेलं नाही.

यात साहेबाचं शहाणपण होतं. मुंबईत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, लोणावळ्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथून साठ-पासष्ट किलोमीटर अलीकडे, सह्याद्रीच्या पाठीशी लपलेल्या पुण्यात वर्षभरात जेमतेम सातशे-साडेसातशे मिलिमीटर. ढग घाटमाथ्यावर हात मोकळा सोडतात आणि आमच्याकडे येतात ते चिल्लर घेऊन. शहर साधारण ५६० मीटर उंचीवर, जुलै-ऑगस्टात दुपारचं तापमान अठ्ठावीसच्या आसपास. नुसती भुरभुर, वारा, आणि सिंहगडावर पिठलं-भाकरी. वर जायला लागणारी मोटारींची रांग साहेबाच्या वेळी नव्हती, एवढाच फरक.

हवेतलं ज्याला सर्वांत जास्त कळतं, त्या हवामानखात्यानेसुद्धा १९२८ मध्ये शिमला सोडून पुणं गाठलं होतं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला लोक अजून शिमला ऑफिसच म्हणतात. चाळिशीच्या दशकात मुख्यालय दिल्लीला गेलं. काय बघून गेलं, ते वेधशाळेलाच ठाऊक. देशभराच्या पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज मात्र आजही पुण्यातच तयार होतो, आणि त्याच चौकातून दुचाकीवर जाणारा एकही माणूस तो वाचून रेनकोट घेत नाही.

तरी मला कुणी विचारलंच, तर मी सबंध पावसाळा सांगत नाही. मी पितृपक्ष सांगतो. लोक दचकतात. पण विचार करा. विसर्जनाची मिरवणूक संपून ढोल थंडावलेले असतात आणि गरबा अजून सुरू झालेला नसतो. त्या पंधरवड्यात कुणी लग्न करत नाही, फ्लॅटचा व्यवहार करत नाही, सोनं घेत नाही, त्यामुळे सकाळचं वर्तमानपत्र जाहिरातींशिवाय एका हातात धरता येतं. एरवी पाय ठेवायला जागा नसते त्या लक्ष्मी रोडवर दुकानदार आपणहून "या, बसा" म्हणतात. पुण्यात हे ऐकण्यासाठीसुद्धा विमानाचं तिकीट काढायला हरकत नाही, आणि सप्टेंबरात ते स्वस्तही असतं. खडकवासला काठोकाठ, सिंहगडाच्या उतारावर सोनकीचा पिवळा सडा, कासचं पठार फुललेलं. दुपारी उकडलंच, तर संध्याकाळी एक सर येऊन जाते. ऑक्टोबर हीटला अजून अवकाश असतो.

या पंधरवड्याची निवड करणारा मी काही पहिला नाही. कायमचे परदेशी गेलेले आपले वाडवडील घ्या. त्यांना ना शाळेच्या सुट्ट्या, ना व्हिसा, ना रजेचा अर्ज. बाराही महिने मोकळे. त्यांनी ठरवलं असतं तर आंब्याला आले असते, गणपतीला आले असते. पण ही अनुभवी मंडळी वर्षातून एकदा घरी यायला नेमका भाद्रपदाचा वद्यपक्ष धरतात. त्यांच्यासाठी वडे, खीर, भोपळा, गवार, आमसुलाची चटणी असा बेत असतो, आणि यजमान त्यांच्या आधी जेवत नाहीत. असा पाहुणचार पुण्यात हयात माणसाला क्वचितच मिळतो.

आमच्याकडे आजोबांचं पान गच्चीवर बाराच्या सुमारास ठेवतात. एक वाजेपर्यंत कावळा आला तर ठीक. नाही आला, तर आम्ही सरळ आपापली पानं वाढून घेतो, कारण आजोबांना दुपारी एक ते चार झोपायची सवय होती.