छत्तीस अधिकारी, सोळा पत्ते आणि एक गाडी

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला डिस्क्रीट मॅथ्स समोर येतं तेव्हा कॉम्प्युटरच्या पोरांना आधी आनंदच होतो. इंटिग्रेशन नाही, पानपानभर आकडेमोड नाही. सुरुवातीला संच, म्हणजे चहा पिणारे किती, कॉफी पिणारे किती आणि दोन्ही पिणारे किती. जबलपूरच्या घमापुरातल्या आमच्या चिरंजीवांनी याच भरवशावर पुस्तक कपाटावर आकाशकंदिलाशेजारी ठेवलं. पेपर आठवड्यावर आला तेव्हा ते खाली उतरलं आणि उलगडा झाला, की इथे उत्तर काढून भागत नाही, ते तसंच का येतं हे सिद्ध करावं लागतं. ‘सिद्ध करा’ हे रट्टा मारणाऱ्याचं खास दुखणं. पाठ केलेल्या सिद्धतेतली एक ओळ विसरली, की पुढच्या सगळ्या ओळी ओळख देत नाहीत.

मित्रांचा सल्ला वेगळाच होता. आठ प्रश्नांतले पाच सोडवायचे असतात, तेव्हा अर्धं पुस्तक सोडून दे. चिरंजीवांनी लगेच हिशेब केला: आठातून पाच निवडण्याचे ५६ प्रकार. सबंध आठवड्यातला त्यांचा हा पहिला बरोबर आलेला प्रश्न. त्या आनंदात संध्याकाळ चौकात गेली.

घरात गणिताचं वावडं नव्हतं. आजोबा जीसीएफमधून, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरीतून, निवृत्त झालेले. १९०४ पासून तोफांचे गाडे बनवणारा हा कारखाना. बाबा व्हीएफजेमध्ये, म्हणजे व्हेईकल फॅक्टरीत, लष्कराच्या ट्रकांवर. शिवाय ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची रेजिमेंटल सेंटरं याच शहरात, त्यामुळे रेजिमेंट म्हणजे काय आणि हुद्दा म्हणजे काय, हे जबलपूरकराला शिकवावं लागत नाही. म्हणूनच बहुधा पुस्तकातलं एकच कोडं आजोबांनी चष्मा लावून वाचलं. सहा रेजिमेंट, प्रत्येकीतून सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी, एकूण छत्तीस. त्यांना सहा बाय सहाच्या चौकोनात असं उभं करा, की कुठल्याही आडव्या किंवा उभ्या रांगेत रेजिमेंटही दुसऱ्यांदा येऊ नये आणि हुद्दाही.

“परेड लावायची तर आधी छोटी लाव,” म्हणत आजोबांनी पत्त्यांचा कॅट काढला. एक्के, राजे, राण्या आणि गुलाम वेगळे केले. पलंगावर पहिली ओळ लागली: इस्पिक एक्का, बदाम राजा, चौकट राणी, किलवर गुलाम. त्याखाली चौकट गुलाम, किलवर राणी, इस्पिक राजा, बदाम एक्का. तिसऱ्या ओळीत थोडी ओढाताण झाली, पण सोळाही पत्ते बसले. रंग कुठे दुसऱ्यांदा आला नाही, चित्रही नाही. चिरंजीव गेले सहाकडे. रात्री दीडपर्यंत कागद फाडले. बसेना.

बसणारच नव्हतं. १७८२ साली ऑयलर या गणितज्ञाने लिहून ठेवलं होतं, की हे सहाला जमणार नाही. शिवाय त्याचा अंदाज असा, की दहा, चौदा, अठरा अशा सगळ्या आकड्यांनाही जमणार नाही. सहापुरतं तो बरोबर असल्याचं १९०१ साली गास्तों तारीने शक्यता हाताने तपासून दाखवलं. बाकीचं सगळं चूक निघालं १९५९ साली. राज चंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि शरच्चंद्र शंकर श्रीखंडे या तिघांनी दाखवून दिलं, की दोन आणि सहा सोडले तर असा चौकोन नेहमी बनतो. एप्रिलमध्ये ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. तिघांना नाव पडलं, ऑयलरचा खेळ बिघडवणारे.

श्रीखंड्यांचं नाव ऐकताच आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. “कुठले हे श्रीखंडे?”

सागरचे. १९१७ साली तिथेच जन्मले. म्हणजे इथून दमोह ओलांडलं की पुढे. शिक्षणाला नागपूर, नंतर अमेरिकेत डॉक्टरेट, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. २०२० साली गेले ते वयाच्या १०२ व्या वर्षी. एवढ्या माहितीवर आजीने दोन आडनावं आणि एक मुंजीचा प्रसंग काढला. त्यात गैर काहीच नाही. श्रीखंड्यांच्याच नावाचा एक ग्राफ आहे: सोळा बिंदू, प्रत्येकाचे सहा शेजारी, आणि कुठलेही दोन बिंदू घ्या, एकमेकांशी जोडलेले असोत वा नसोत, त्यांचे सामाईक शेजारी नेमके दोन. जबलपूरच्या मराठी घरांचा नकाशा याहून फार निराळा नसावा.

चिरंजीवांची खरी मुसंडी मात्र लॉजिकमध्ये. ‘जर–तर’च्या सत्यतासारणीत चार ओळी असतात आणि वाक्य खोटं ठरतं ते एकाच ओळीत: ‘जर’ घडलं आणि ‘तर’ घडलं नाही. बाबा म्हणाले होते, डिस्क्रीटमध्ये पास झालास तर गाडी घेऊन देईन. पेपरच्या आदल्या रात्री चिरंजीव वही घेऊन बाबांसमोर बसले.

“बाबा, ही ओळ बघा. मी नापास झालो आणि तुम्ही तरी गाडी घेतलीत, तर तुमचं वाक्य खोटं ठरत नाही. खरंच राहतं.”

बाबांनी वही जवळ ओढली. जन्मभर ट्रकांचे नटबोल्ट तपासलेले डोळे खालच्या ओळीवर थांबले. “आणि तू नापास झालास, गाडीही नाही आली, तर?”

“तरी खरंच.”

“वा! मग मला हीच ओळ परवडते.”

दुसऱ्या दिवशी पेपर सुटला. चौकातल्या टपरीवर कुणीतरी हाक मारली, “काय बड्डे, पेपर कैसा गया?” चिरंजीव म्हणाले, “आठ में से पाँच करने थे।” “तो?” “पाँच कौन-से नहीं आते, उसी में टाइम निकल गया।”