वाऱ्याला दारं

यावल तालुक्यात डॅम म्हटलं की एकच, तापीवरचं हतनूर. पावसाळ्यात त्याचे ४१ दरवाजे उघडले की पेपरात फोटो येतो. त्यामुळे जळगावला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने नव्या पिकपच्या बंपरखाली बोट दाखवून ‘मामा, हा एअर डॅम’ असं सांगितलं, तेव्हा मामांनी वाकून आधी पाणी कुठे आहे ते पाहिलं.

पाणी नव्हतं. चार-पाच बोटं रुंद काळी प्लॅस्टिकची पट्टी होती आणि तीही एका अंगाने लोंबत होती.

लोंबणारच. केळीची कापणी असली की पिकप बागेपर्यंत न्यावी लागते. शिवरस्त्याला दोन्हीकडे ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या आणि मधोमध मातीचा उंचवटा. चाकं चाकोरीत, पट्टी उंचवट्यावर. रोज खर्र. प्लॅस्टिक मुद्दाम लवचीक ठेवलेलं असतं, घासलं तरी दुमडून पुन्हा सरळ व्हावं म्हणून, हे भाचा सांगेपर्यंत मामांनी पान्हा मागवलासुद्धा. ‘शोभेची झालर आहे भो, काढून टाक,’ असं गॅरेजवालाही म्हणाला. पट्टी सुटली आणि खर्र थांबलं. मामा खूश.

खरं तर वारा अडवणं मामांना कुणी शिकवायची गरज नाही. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनचं वादळ सुटलं की उभी बाग बघता बघता आडवी होते. म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावतात, गजराज गवत लावतात. मामांच्या बागेलाही गवताची दाट भिंत आहे. ती भिंत वारा गिळत नाही, त्याचा जोर मोडते आणि त्याला वरून, बाजूने वळवते. बंपरखालची पट्टी दुसरं काय करते? बागेत झाडं उभी आणि वारा धावतो, रस्त्यावर वारा उभा आणि गाडी धावते, एवढाच फरक. कडेचं गवत कुणी उपटलं तर मामा त्याला पोलीस पाटलाकडे नेतील. पट्टी मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने उपटली.

पिकपच्या पोटाखाली एकदा निजून बघावं. एक्सल, डिफरन्शियल, पाटे, सायलेन्सर, स्टेपनी असा सगळा पसारा उघडाच असतो, पाहुण्यांनी न बघण्याच्या माळ्यासारखा. जोरात शिरलेली हवा त्यात प्रत्येक ठिकाणी अडखळते, गाडीला मागे रेटते आणि तिचं तोंडही किंचित वर उचलू पाहते. पट्टी हवेला दारातच थोपवते. शिवाय पट्टीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे रेडिएटरमधून आत आलेली तापलेली हवा खाली ओढली जाते आणि पुढून ताजी हवा आत शिरते.

अर्थात हे सगळं वेग असेल तर. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. शिवरस्त्यावर १० च्या वेगाने हिंदकळताना पट्टी असली काय, नसली काय. ती कामाला लागते ती फैजपूर-सावदा-रावेर करत बऱ्हाणपूरच्या रस्त्याला गाडी सुसाट निघाल्यावर. त्यातही केबिनच्या वर माल रचून फडफडती ताडपत्री बांधली, तर खाली वाचलेलं डिझेल वर उडून जातं. हा हिशेब भाच्याने मामांपुढे मांडला नाही. पोरगा हुशार आहे.

येताना गाडी रिकामी असते. तेव्हा मामा मागचा फाळका पाडून ठेवतात, हवा निघून जावी म्हणून. तेही उलटंच. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा कोंडून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. म्हणजे जे लावायचं ते मामा काढतात आणि जे बंद ठेवायचं ते उघडतात.

उंचवटे इतरांनाही छळतातच. अमेरिकेतल्या राम १५०० या पिकपला २०१९ च्या मॉडेलपासून वरखाली होणारी पट्टी मिळते. ताशी सुमारे ५६ किलोमीटरच्या पुढे वेग गेला की ती आपोआप खाली उतरते, एरवी पोटाशी दुमडून बसते. ओढ्यातून जाताना म्हातारी माणसं धोतराचा सोगा वर धरतात आणि काठावर आल्यावर सोडतात, तसंच. मामांना ही कल्पना फार आवडली. फक्त तो सोगा बिघडल्यावर किती पैसे पडतील, एवढं त्यांनी विचारलं.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला. भरल्या गाडीचा तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर चढू लागला. मामांनी कूलंट बदललं, पट्टा तपासला, रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि काडीकचरा पाण्याने धुऊन काढला. काटा थोडा उतरला, पण जागेवर येईना. ‘मामा, ती पट्टी कुठंय?’ भाच्याने शेवटी विचारलं.

मामा त्याला शेतात घेऊन गेले. केळीला केव्हाच ठिबक झालंय, पण कडेच्या चारा मक्याला अजून पाटाचंच पाणी आहे. पाटाच्या तोंडाशी, जिथे दारं धरताना फावड्याने माती ओढावी लागते, तिथे ती काळी पट्टी आडवी रोवलेली होती. पाणी तिला धडकत होतं आणि मुकाट्याने वाफ्यात वळत होतं. घासून झालेले पांढरे ओरखडे वर दिसत होते.

‘मातीपेक्षा बेस्ट आहे,’ मामा म्हणाले. ‘आता पलीकडच्या वाफ्याला एक पाहिजे.’ आणि बांधावर उभ्या केलेल्या भाच्याच्या मित्राच्या कारकडे जाऊन ते बंपरखाली वाकून बघू लागले.