ब्रेक कुठाय?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला दरवर्षी कुठल्या ना कुठल्या ग्रुपला स्केटबोर्डच्या फळीला मोटर लावायची सुबुद्धी होतेच. यंदा ती माझ्या पुतण्याच्या ग्रुपला झाली, आणि दिवाणखान्यात तपकीर गल्लीतल्या वायरी, भोसरीत लेथवर कातून आणलेल्या पुल्या आणि सोल्डरचा वास मुक्कामाला आले.

पळवण्याचं गणित सोपं आहे. १८६५० म्हटल्यावर मला एखाद्या एक्स्प्रेसचा नंबर वाटला होता. निघाला १८ मिलिमीटर जाडीचा नि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियमचा सेल. असे दहा ओळीने जोडले की ३६ व्होल्ट. मोटर १९० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १९० फेरे, झाले ६८४०. छोट्या पुलीला १५ दाते, मोठीला ३६, उरले २८५०. चाक ९० मिलिमीटरचं. वेग ताशी ४८ किलोमीटर! अर्थात कागदावर, कारण कागदावर ड्रेनेजची झाकणं नसतात. पुण्यात ती असतात, आणि रस्त्याशी त्यांचं कधीच पटत नाही.

दुकानदार, लेथवाले काका, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांनी एकच विचारलं, "ब्रेक कुठाय?" आपल्याकडे गाडी किती पळते यापेक्षा ती थांबते का याची चौकशी आधी होते, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं.

"अगं आजी, वेगळा ब्रेक लागतच नाही," पुतण्याने माझ्या आईला समजावलं. "मोटरच जनरेटर होते. वेग कमी होतो आणि वीज परत बॅटरीत जाते."

"आणि तिचं पोट आधीच भरलेलं असलं तर?"

पुतण्या गप्प. जेवून उठलेल्याला कितीही आग्रह केला तरी श्रीखंड परत वाटीतच राहतं, हे आईने आयुष्यभर पंगतीत पाहिलं होतं. बॅटरीचंही तेच. पूर्ण चार्ज झाली की दहा सेल मिळून ४२ व्होल्ट होतात. त्यावर आणखी वीज ढकलली तर सेल बिघडतात, म्हणून मोटर चालवणारा कंट्रोलर ब्रेकच ढिला सोडतो. म्हणजे सकाळी चार्जर काढून टेकडीवरून निघालात की पहिल्याच उतारावर, नेमका हवा तेव्हा, ब्रेक नाही. सपाटीवर मात्र तो तत्पर!

ग्रुपने त्या रात्री कंट्रोलरच्या सेटिंग्ज उघडल्या. बेंजामिन व्हेडर या स्वीडिश इंजिनिअरने आपल्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर जगाला खुलं करून ठेवलंय, त्यामुळे व्होल्टेजच्या मर्यादा घरबसल्या पाहता, बदलता येतात. अखेर चार्जिंग थोडं आधीच थांबवायचं ठरलं. पोटात जागा ठेवून उठावं, हे आई कधीची सांगतेय.

रिपोर्टात आता 'भविष्यातील वाव' तेवढा उरला होता. तिथे सगळेच लिहितात तसं यांनीही ठोकून दिलं, की सौर पॅनल बसवता येईल. कुठे, ते एक्स्टर्नल परीक्षकांनी विचारू नये. फळीवर जेमतेम दोन पाय मावतात.