जीनोमसर

कोल्हापुरात 'मला माहीत नाही' असं म्हणायची पद्धत नाही. पत्ता विचारा, माणूस गाडी स्टँडला लावून सांगतो. चुकीचा सांगेल, पण सांगेल. तांबड्या रश्श्यात काय पडलं पाहिजे, कुठल्या पेठेच्या संघाचा गोली कच्चा आहे, यंदा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर थांबणार, यांवर मत नसलेला इसम शहरात आढळलाच तर तो बदलीवर आलेला समजावा. त्यालाही सहा महिन्यांत मतं फुटतात. अशा गावात, तेही मंगळवार पेठेत जन्मून, जीनोमसर दहातल्या नऊ प्रश्नांना "अजून माहीत नाही" असं उत्तर देतात आणि देताना एवढे खुश दिसतात की विचारणाराच वरमतो.

विद्यापीठाच्या गावात असा एखादा असतोच. आमच्याकडे शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, त्यामुळे जीवशास्त्र, जीवरसायन, जीवतंत्रज्ञान अशा नावांचे लोक रंकाळ्यावर फिरायला येतात याची गावाला सवय आहे. पण बाकीचे फिरायला आले की फिरतात. सर रंकाळ्याच्या कठड्यावरचं शेवाळ नखानं खरवडून बघतात.

चौकड्याचा शर्ट, खिशाला दोन मार्कर, पाण्यानं न पुसले जाणारे. या मार्करांनी घराची पार वाट लावली आहे. लोणच्याच्या बरणीवर 'कैरी, बॅच २', त्याखाली तारीख. दह्याच्या भांड्यावर विरजण लावल्याची वेळ. वहिनी एकदा आमच्याकडं येऊन म्हणाल्या, "परवा आत्याबाईंच्या औषधाच्या बाटलीवर 'कंट्रोल' लिहून ठेवलंय वो. म्हाताऱ्या माणसानं काय समजायचं?" सर म्हणाले, "एक बाटली उघडली, एक उघडली नाही. तुलना नको का करायला?"

एप्रिलमध्ये घरोघरी चटणी होते, म्हणजे कांदा-लसूण मसाला. गच्चीवर संकेश्वरी मिरची वाळत असते, खाली कांदा तळला जात असतो, सगळी गल्ली शिंकत असते. त्या धुरात सर उभे राहून आत्याबाईंना सांगत होते की माणसाचा जीनोम तीनशे कोटी अक्षरांहून थोडा मोठा. मिरचीचा त्याहूनही थोडा मोठा, साडेतीनशे कोटींच्या घरात. आणि कांद्याचा सोळाशे कोटी! लसणाचाही तेवढाच. आत्याबाईंनी झारा थांबवला. "म्हंजे कांदा माझ्यापरास हुशार?"

"तसं नाही. त्यातला बराचसा भाग त्याच त्या मजकुराच्या नकला आहेत. लांबीचा आणि हुशारीचा संबंध नाही."

"मग एवढ्या नकला कशाला ठेवल्यात त्यानं?"

"अजून नीट माहीत नाही," सर खुलून म्हणाले. आत्याबाईंनी झारा पुन्हा सुरू केला.

त्याच दुपारी त्यांनी गल्लीतल्या पोरांना कांद्याचं डीएनए काढून दाखवलं. कांदा किसला, त्यात भांडी घासायचं लिक्विड, चिमूटभर मीठ आणि पाणी. गाळून घेतलं. मग फ्रीजमधून गार स्पिरिटची बाटली काढून काचेच्या ग्लासाच्या कडेनं अगदी हळू सोडलं. साबणानं पेशींचे पापुद्रे फोडलेले असतात, आणि मिठाच्या पाण्यात विरघळलेलं डीएनए स्पिरिटमध्ये टिकत नाही. दोन थर जिथं भेटतात तिथं आधी नुसते बुडबुडे दिसले. मग पांढरट, शेंबडागत काहीतरी वर चढायला लागलं. सरांनी अगरबत्तीची काडी घालून ते गुंडाळून उचललं. पोरं गप्प. एक म्हणालं, "सर, ह्यातनं परत कांदा हुईल का?" या प्रश्नावर सर रात्रीपर्यंत खुश होते.

मिसळीच्या दुकानात मात्र त्यांना नेऊ नये. एकदा कटाची वाटी तोंडाला लावून, नाक पुसत त्यांनी जाहीर केलं की तिखट ही चव नव्हेच. जिभेवरच्या मज्जातंतूंत टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं, ते चटका ओळखण्यासाठी आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन त्याला फसवतं आणि मेंदूला वाटतं तोंड भाजलं. हे जनुक १९९७ मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पक्ष्यांमध्ये या प्रथिनाची घडण जराशी वेगळी, म्हणून पोपटाला मिरची लागत नाही. मालक गल्ल्यावरून सगळं ऐकत होता. "म्हंजे आम्ही तीन पिढ्या लोकांस्नी फसवाय लागलोय म्हणा की. आनि पोपटाला काय वाटतच न्हाई. मग कट पोपटाला वाढू का?" सरांनी विचार केला आणि म्हणाले, "वाढून बघायला हरकत नाही. पण निदान तीन पोपट पाहिजेत."

सरांचं खरं काम चालतं गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात, लोक फेसाळता ग्लास तिथंच रिकामा करतात. म्हशी पंढरपुरी, शिंगं तलवारीसारखी मागं खांद्यापलीकडं गेलेली. त्या गर्दीत पैलवान, रिक्षावाले आणि हातमोजे घातलेले आमचे सर. पैलवान ग्लास पुढं करतो, सर नळी पुढं करतात. दुधात म्हशीच्या कासेतल्या पेशी उतरतात, त्यांतला आरएनए काढला की कासेतली कुठली जनुकं त्या वेळी चालू होती ते कळतं. उन्हाळ्यात कुठली मंदावतात आणि पाऊस लागल्यावर कुठली जागी होतात, हे सरांना हवं आहे.

हे मामांना, म्हणजे दूधवाल्यांना, त्यांनी फार चांगलं समजावलं होतं. "मामा, दुधातलं केसीन करायचं जनुक म्हशीच्या कासेत आहे, तसंच तिच्या कानातही आहे. प्रत्येक पेशीत सगळा जीनोम असतो. पण कानातून दूध येतं का?"

"कानातनं कशाला येईल?"

"तेच! कानात ते जनुक बंद आहे. कुठं, कधी आणि किती चालू, एवढाच माझा विषय."

मामांनी म्हशीच्या कानाकडं जरा संशयानं बघितलं. पण त्यांना त्या दिवसापासून विषय आवडायला लागला. कुणीतरी गिऱ्हाईक 'ए-टू दूध आहे का' विचारून गेलं, तेव्हा त्यांनी सरांना गाठलं. सर म्हणाले, गाईच्या एका केसीनमध्ये ६७ व्या जागेवर हिस्टिडीन आलं की ए-वन, प्रोलीन असलं की ए-टू. म्हशींत जवळपास सगळीकडं ए-टूच सापडतं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर पाटी लागली आणि दुधाचा दर वाढला. विज्ञानाचा समाजाला उपयोग काय, असं कोल्हापुरात तरी कुणी विचारू नये.

आणि तिथंच तो प्रसंग झाला, जो मी ऐकला नसता तर कुणाच्या तोंडून खरा मानला नसता. सर सांगत होते की जीनोम वाचून झाला म्हणजे कळला असं नाही. अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेनं २०१६ मध्ये एक जिवाणू पेशी तयार केली. गाळता येईल तेवढं गाळून, जगायला लागतात तेवढीच जनुकं ठेवली. ४७३ उरली. त्यांतल्या १४९ जनुकांचं नेमकं काम काय, ते त्यांनाही सांगता येईना.

मामांनी धार काढता काढता मान वर केली. "दीडशेभर नुसतीच बसून? आमच्या दूध संस्थेच्या संचालक मंडळागत की वो!"

कट्टा हसला. सर हसले नाहीत. त्यांनी उपमा गांभीर्यानं घेतली. "नाही मामा, फरक आहे. ह्या १४९ ना हात लावला तर पेशी मरते, नाहीतर रडतखडत वाढते. तुमचे संचालक काढून टाकल्यावर संस्था बंद पडते का?"

मामा म्हणाले, "ते अजून कुणी करून बघितल्यालं न्हाई."

"मग माहीत नाही म्हणा," सर म्हणाले. मला वाटतं, त्या पेठेत कुणी कुणाकडून 'माहीत नाही' वदवून घेतल्याचा तो पहिला प्रसंग असावा.

प्रयोगशाळेत हे सर वेगळे. घसा फाडून बोलणारा माणूस तिथं ओठ घट्ट मिटून बसतो, कारण आरएनएचे तुकडे करणारी विकरं आपल्या हातावर असतात, घामात असतात, थुंकीत असतात. नळी उघडी असताना कुणी "काय सर, जेवला काय?" म्हणून आलं की डोळे वटारतात. विद्यार्थी म्हणतात, सर घरी चिडले तर बोलतात, लॅबमध्ये चिडले तर फक्त झाकण लावतात.

त्यांचा जीव की प्राण म्हणजे उणे ८० अंशांचा फ्रीझर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं. तिथं ४३ फुटांना धोका समजतात. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, गावात दूध-भाजी येईना. लोक गॅस सिलिंडर आणि म्हशी वरच्या अंगाला हलवत होते. सरांच्या घरात पाणी पायरीला लागलं होतं आणि ते फोनवर ओरडत होते, "लाईट आहे काय? फ्रीझरचा आकडा सांगा!" लाईट गेलेली. जनरेटरचं डिझेल संपत आलेलं. कोरडा बर्फ पुण्याहून यायचा, तो रस्ता बंद.

शेवटी वाचवलं कृत्रिम रेतन करणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं. त्याच्याकडं द्रवरूप नायट्रोजनचा कंटेनर होता, उणे १९६ अंश, आत रेड्यांच्या रेतमात्रा. सरांनी आपल्या नळ्या त्यातच सोडल्या. आठवडाभर पंढरपुरी म्हशींचा आरएनए आणि मुऱ्हा रेड्यांचं रेत एकाच भांड्यात नांदले. पाणी ओसरल्यावर माणूस कंटेनर घेऊन आला आणि म्हणाला, "सर, तुमचं कुठलं नि आमचं कुठलं, नीट बघून घ्या बरं का. चुकून तुमचं भरलं तर गाभ राहायची न्हाई आनि शेतकरी मला धरंल." सगळ्या नळ्यांवर मार्करनं तारखा होत्या. एकही पुसली नव्हती. त्या दिवसापासून वहिनींनी लोणच्याच्या बरणीबद्दल तक्रार केलेली नाही.

मार्च महिना आला की सर दिसेनासे होतात. एकतीस तारखेच्या आत अनुदान खर्चायचं, वापराचं प्रमाणपत्र द्यायचं, आणि पैसे आलेले असतात फेब्रुवारीत. त्यात जनुकांचाही मार्च असतो. माणसाच्या एका जनुककुळाचं नाव मार्च, दुसऱ्याचं सेप्ट. एक्सेलमध्ये टाकलं की संगणक त्याची तारीख करून टाकतो. २०१६ मध्ये कुणीतरी मोजलं तर एक्सेलच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका निघाल्या. एक्सेल ऐकेना, तेव्हा २०२० मध्ये जनुकांची नावंच बदलली. सर म्हणतात, जनुकाचा मार्च बदलला, आमचा कोण बदलणार?

त्यांचा स्वतःचा निष्कर्ष काय, असं मी विचारलं. उन्हाळ्यात कासेत काही जनुकं हटकून मंदावतात, आणि त्यांतलं एक असं आहे की त्याच्या प्रथिनाचं नावच यादीत नाही, नुसतं 'काल्पनिक प्रथिन' म्हणून नोंद. आता २०२२ पासून वीस कोटी प्रथिनांचे आकार संगणकानं वर्तवून ठेवलेत, त्यात याचाही आकार मिळतो. सरांनी मोबाइलवर दाखवला, रंगीत, वळसे घेतलेला, सुंदर. मी विचारलं, "हे करतं काय?"

उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच.

तर गंगावेशीत संध्याकाळी हातमोजे घातलेला माणूस दिसला तर त्याला पोरगं हिंदकेसरी होईल का, साखर वारशानं येते का, असलं काही विचारू नका. तुमची ठाम उत्तरं तुमच्याजवळ असतातच. त्यापेक्षा त्याला एक ग्लास दूध पाजा आणि पैसे तुम्हीच द्या. अनुदानाचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही.