इंग्लंडातली जुनी फरशी आणि कौले: नवशिक्यांसाठी

मुलाकडे इंग्लंडला गेलेल्या आईवडिलांना, नातवंडे शाळेत गेली की काहीतरी उद्योग हवाच. मध्ययुगीन फरश्या ओळखणे हा त्यातला स्वस्त उद्योग. जुने चर्च गावोगावी सापडते, आणि मान खाली घालून चालले की लोक तुम्हाला भाविक समजतात.

सुरुवात मात्र भायखळ्यापासून करावी. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटन या इंग्लिश कारखान्याच्या फरश्या आहेत. त्या नीट पाहून घ्या: कडा धारदार, रंग एकसारखे, नक्षी जिथल्या तिथे. इंग्लंडात असे काही दिसले की समजावे, हे मध्ययुग नव्हे. व्हिक्टोरियाच्या काळात लोकांना मध्ययुगाचे वेड लागले होते. 1830 साली सॅम्युअल राइटने अशा फरश्यांचे पेटंट घेतले, हर्बर्ट मिंटनने धंदा वाढवला, आणि कित्येक चर्चांत जुनी फरशी उखडून तिच्या जागी तिचीच सुबक नक्कल बसली.

अस्सल फरशी वेडीवाकडी. तांबड्या मातीच्या ओल्या चौकोनावर लाकडी ठसा दाबायचा, खड्ड्यात पांढरी माती भरायची, वर शिशाची झिलई देऊन भाजायचे. झिलई पिवळसर, म्हणून पांढरी नक्षीही पिवळी दिसते. ठसा तिरका पडून सिंहाचे शेपूट कडेबाहेर गेले तरी फरशी खपत असे. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या चॅप्टर हाउसमध्ये 1250च्या दशकातली फरशी अजून जागेवर आहे. ती पाहायला वेळ राखून जावे. पुढे चौदाव्या शतकात बकिंगहॅमशरच्या पेन गावी लहान, पातळ, स्वस्त फरश्या निघू लागल्या. तेव्हा जाड आणि मोठी ती बहुधा आधीची. ‘बहुधा’ हा शब्द पाठ करून ठेवावा.

खात्री हवी तर फरशीची पाठ पाहावी, असे जाणकार सांगतात. कडा सुरीने आत तिरप्या कापलेल्या, तळाला वाळू चिकटलेली, तर जुनी; कारखान्याचे नाव असेल तर नवी. सल्ला अचूक आहे. फक्त पाठ पाहायला फरशी उचकटावी लागते, आणि मग कोणी तुम्हाला भाविक समजत नाही.

आता मान वर करून छपराकडे. जुन्या कौलांना वर दोन भोके असतात, खुंट्या ठोकून ती रिपेला अडकवायची. 1212च्या आगीनंतर लंडनने गवती छपरांवर बंदी आणली, 1477मध्ये कायद्याने कौलाचे मापही ठरले: लांबी साडेदहा इंच, रुंदी सव्वासहा. नवशिका लगेच मोजपट्टी काढतो. काढू नये, आजही बाजारात जवळपास त्याच मापाचे कौल मिळते.

कौलावर कुत्र्याचा पंजा उमटलेला सापडेल. ओली कौले वाळत असताना स्वारी त्यावरून गेलेली असते. त्यावरून काळ काढू नये. रोमन कौलांवरही असेच पंजे आहेत. कुत्र्यांनी तेव्हापासून पाय बदललेले नाहीत.

थेम्सच्या काठी ओहोटीला कौलांचे तुकडे दिसतात. ते उचलायला पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो. तो मिळालाच, तर परतीच्या बॅगेत चॉकलेटे भरायची की कौले, हे आधी घरात ठरवून घ्यावे.