आदर्श वसाहत

लेकीच्या शाळेने सुट्टीत वाचायला दिलेल्या यादीत लोइस लॉरी यांची ‘द गिव्हर’ होती. १९९३ सालची, पुढच्याच वर्षी न्यूबेरी पदक मिळवलेली, अमेरिकेत सहावी-सातवीतली पोरं वर्गात वाचतात ती कादंबरी. पोरीच्या हाती काय पडतंय ते बापाने आधी बघावं, म्हणून मी ती उशाशी घेतली आणि बघता बघता तिच्यातल्या वसाहतीच्या प्रेमात पडलो.

काय ती शिस्त! उशीर झाला की पोरगं अख्ख्या वर्गाची माफी मागतं आणि वर्ग एका सुरात माफ करतो. सायकल मिळणार ती नवव्या वर्षीच. रुसवेफुगवे नाहीत, ‘सगळ्यांकडे आहे’ नाही. बाराव्या वर्षी ज्येष्ठांची समितीच प्रत्येकाला काम नेमून देते. म्हणजे सीईटी नाही, क्लासची आगाऊ फी नाही. लग्नंही समितीच जुळवते. आमच्या सोसायटीच्या कमिटीला अजून पार्किंग जुळवता आलेलं नाही.

रोज रात्री जेवणानंतर घरातल्या प्रत्येकाने आपली भावना सांगायची, ही पद्धत तर मी लगेच घरात लागू केली.

“उद्या भांडीवाल्या बाई येणार नाहीत, ही भावना चालेल?” बायकोने विचारलं.

लेक मात्र माझ्याकडे बघत राहिली. “बाबा, तू कितव्या चॅप्टरवर आहेस?”

“चौथ्या. म्हाताऱ्या माणसांना काय सुंदर समारंभ करून निरोप देतात गं!”

“हं,” ती म्हणाली. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात तसं. आणि पापड मोडला.

एकोणिसाव्या प्रकरणात तो ‘निरोप’ म्हणजे काय ते कळलं. कथानायक जोनासचा बाप, एरवी अगदी मायाळू माणूस, जुळ्यांचं वजन करतो. जे बाळ हलकं भरतं, त्याच्याशी लाडे लाडे बोलत त्याच्या कपाळाच्या शिरेत सुई खुपसतो, मग त्याला खोक्यात घालून भिंतीतल्या झडपेतून ढकलून देतो. वर टाटाही करतो. रात्रीचा दीड वाजला होता. मी उठून लेकीच्या खोलीत डोकावलो. ती गाढ झोपली होती. पुस्तक तिने केव्हाच संपवलं होतं आणि शेजारी दुसरं पुस्तक, ‘द सिटी ऑफ एम्बर’, उघडं पडलं होतं. ‘द गिव्हर’च्या वसाहतीत डोंगर नाहीत, बर्फ नाही, रंगसुद्धा नाहीत. पानंच्या पानं वाचूनही मला कशाचीच उणीव जाणवली नव्हती. पार्किंग सुटतंय ना, मग रंग गेले खड्ड्यात!

दुसऱ्या दिवशी जेवताना मी भावनांचा कार्यक्रम बंद झाल्याचं जाहीर केलं. लेकीने समजूतदारपणे मान हलवली. माझ्या आईने मात्र ताट बाजूला सारलं. या कार्यक्रमात तिने पहिल्या रात्रीपासून तिच्या लग्नातले मानपान काढले होते आणि घरात तेवढी एकच भावना नीट मांडली जात होती.

“बंद कसं?” ती म्हणाली. “अजून तुझी मुंजसुद्धा यायचीय.”