पेन्शन हवी? आमदार व्हा, गुरुजी!

१ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या समस्त गुरुजनांनो, जुन्या पेन्शनसाठी आझाद मैदानावर उन्हात बसू नका. पेन्शन शाबूत असलेली एक नोकरी अजून शिल्लक आहे: आमदारकी. घटनेच्या १७१व्या कलमाने तुमच्यासाठी तिची खास वाटही आखली आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या.

पात्रता? वय तीस आणि मतदारयादीत नाव. शिक्षक असण्याची अट नाही! मत देणाऱ्याने मागच्या सहांपैकी किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा वरच्या वर्गांना शिकवलेलं हवं. निवडून येणाऱ्याने जन्मात फळा पुसला नसला तरी बिघडत नाही. पदवीधर मतदारसंघाच्या उमेदवारालाही पदवी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच सांगून ठेवलंय. संस्थाचालकांना दर सहा वर्षांनी शिक्षकांचा पुळका येतो तो उगीच नाही.

तुम्ही मात्र खालूनच सुरुवात करा. आधी संघटनेचं तालुका अध्यक्षपद. मग वेतन पथकाच्या कार्यालयात मुक्काम. कुणाचं वैद्यकीय बिल, कुणाचा शालार्थ आयडी, कुणाचं समायोजन अडलेलं असतंच. एकेक फाईल सोडवा आणि एकेक शाळा खिशात घाला. टप्पा अनुदानाचा प्रश्न तेवढा पूर्ण सोडवू नका. वीस टक्क्यांवरच्या शाळेला चाळीसचं आश्वासन देता येतं. शंभरावर पोचलेल्या शाळेला काय देणार? पैठणी? २०२४ साली नाशिकमध्ये तसे आरोप झालेही.

मतदानाच्या दिवशी मतदारांचा वर्ग घ्यायला विसरू नका. आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेननेच, पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. ‘एक’ असं अक्षरी लिहिलं की मत बाद, बरोबरची खूण केली तरी बाद. आयुष्यभर ‘सूचना नीट वाचा’ म्हणत पोरांचे गुण कापणाऱ्यांच्या या निवडणुकीतही दरवेळी बाद मतांचा गठ्ठा निघतोच.

जिल्हा परिषदेच्या पहिली-दुसरीच्या गुरुजींनी मात्र हा लेख वाचून वेळ दवडू नये. सेवेत असेपर्यंत त्यांना उभं राहता येत नाही, आणि प्राथमिकला शिकवतात म्हणून शिक्षक मतदारसंघात त्यांना मतही नाही.